डिझाईन शिकणाऱ्या मुलांनी सॉफ्टवेअर कमी खर्चात कसं मिळवायचं?

दौत

नमस्कार मंडळी. मुलीला यंदा पुण्यात उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालाय. फी, होस्टेल, रंग-कागद असं सगळं करून आता लॅपटॉपवर आलोय. दुकानदार म्हणाला, "फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरल सगळं टाकून देतो, वरचे पाचशे द्या." मुलगी म्हणते, असलं काही घ्यायचं नाही. तिचं बरोबर आहे. पण कंपनीच्या साइटवर बघितलं तर सगळा दरमहा भाड्याचा मामला. एकदा पैसे मोजून विकत घ्यायची सोयच राहिली नाही का?

शिवाय भाचा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला ऑटोकॅड आणि रेव्हिट लागतं. दोघांसाठी रीतसर आणि खिशाला झेपेल असा मार्ग सुचवा. मला यातलं शून्य कळतं, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

पॉपकॉर्न_घेऊन

आता "ब्लेंडर शिका" आणि "कोरलशिवाय जग चालत नाही" असे दोन तट पडणार. मी कडेला बसलो.

ओळंबा

भाच्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, माया, फ्यूजन हे सगळं फुकट देते. पूर्ण आवृत्ती मिळते. मुदत एक वर्षाची, पण विद्यार्थी असेपर्यंत दरवर्षी वाढवून घेता येते. त्यांच्या साइटच्या शिक्षण विभागात खातं उघडायचं, कॉलेज निवडायचं आणि आपण तिथे शिकतोय याचा पुरावा द्यायचा. बास.

अडकतं ते या पुराव्यापाशी. खात्यातलं नाव आणि कागदावरचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे आयकार्डावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पोरं खात्यात टाकतात टोपणनाव. मग अर्ज परत येतो आणि "कंपनी देत नाही" अशी बोंब सुरू होते. दुसरं म्हणजे आयकार्डावर चालू शैक्षणिक वर्ष छापलेलं असलं पाहिजे. बऱ्याच कॉलेजांच्या कार्डांवर ते नसतंच. अशा वेळी चालू वर्षाची फीची पावती किंवा बोनाफाईड घ्यावं, इंग्रजीत, आणि त्यावर कॉलेजचं पूर्ण नाव, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, तारीख अशा तिन्ही गोष्टी असाव्यात. ऑफिसात बोनाफाईड मागताना कारण "सॉफ्टवेअर पडताळणी" असं लिहिलं की कारकून दहा प्रश्न विचारतात, म्हणून थेट "शैक्षणिक कामासाठी" लिहा. 🙂

एक सावधगिरी. रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर चालतात. भाचा मॅकबुकचा हट्ट धरून बसला असेल तर पैसे देण्याआधी हे त्याच्या कानावर घाला.

दौत

@ओळंबा, मॅकबुकचा हट्ट आहेच, कसं ओळखलंत! आणि स्केचअप, ऱ्हायनो अशीही नावं तो घेतो. ती पण फुकट का?

ओळंबा

स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी साधी आवृत्ती फुकट आहे, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मासिंग मॉडेलला (इमारतीचा नुसता ढोबळ आकार) पुरते. डेस्कटॉपवरची फुकट आवृत्ती २०१७ नंतर बंद झाली, त्यामुळे कोणी "स्केचअप मेक" म्हणून जुना इन्स्टॉलर देत असेल तर ते तेच. विद्यार्थ्यांसाठी पूर्ण आवृत्ती वार्षिक सवलतीत मिळते.

ऱ्हायनोचं प्रकरण निराळं आहे आणि मला मनापासून आवडतं. ९० दिवस पूर्ण चालणारी चाचणी आवृत्ती देतात. त्यानंतर फाइल सेव्ह करता येत नाही, पण उघडून बघता येते. विद्यार्थी परवाना विकतचा आहे, पण एकदाच पैसे भरायचे, तो संपत नाही. शिवाय त्यावर नंतर पैसे घेऊन काम केलं तरी कंपनीची हरकत नसते. आजच्या काळात असं कोणी देत नाही. थीसिसच्या वर्षी घ्यायचं असेल तर विद्यार्थी असतानाच घेऊन ठेवावं.

रेघोट्या

दौत, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, विकत देणं बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी थांबवलंय. फोटोशॉप-इलस्ट्रेटरवाल्या अडोबीनं २०१२ ला आणलेला सीएस६ हा संच शेवटचा, एकदाच पैसे मोजून मिळणारा. २०१३ पासून सगळं वर्गणीवर. ऑटोडेस्कनं तेच २०१६ मध्ये केलं.

मी उपयोजित कला शिकवते, म्हणून मुलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षात कॉम्प्युटरचं काम फारच थोडं असतं. फाउंडेशन म्हणजे स्थिरचित्र, निसर्गचित्र, टू-डी, थ्री-डी डिझाईन, अक्षरलेखन. हात चालला पाहिजे, पोस्टर कलरचा सपाट वॉश जमला पाहिजे. त्यामुळे पहिल्याच दिवशी वर्षभराची वर्गणी भरू नका. पालक घाईनं भरतात आणि त्यातले कितीतरी महिने मुलगी ते उघडतही नाही.

आता अडोबीची विद्यार्थी सवलत. ती खरी आहे आणि मोठी आहे. सगळी सॉफ्टवेअर एकत्र मिळतात. पण दोन गोष्टी वाचल्याशिवाय कार्ड नंबर टाकायचा नाही. एक, सवलतीचा पहिला दर पहिल्या वर्षापुरता असतो, नूतनीकरणाला तो वाढतो. दोन, "वार्षिक, दरमहा भरणा" असा जो पर्याय असतो तो महिन्याचा करार नाही, वर्षाचा आहे. १४ दिवसांनंतर मधेच बंद केलं तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा निम्मा भाग दंड म्हणून जातो. अमेरिकेत याच गोष्टीवरून तिथल्या व्यापार आयोगानं जून २०२४ मध्ये अडोबीवर खटला भरला, की हा दंड ग्राहकाला नीट दिसेल असा सांगितला जात नाही. तेव्हा घ्यायचंच असेल तर ज्या सत्रात सॉफ्टवेअर लागणार त्याच्या सुरुवातीला घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

आणि मुलीला कॉलेजचा ईमेल मिळतो का ते विचारायला सांगा. एसी डॉट इन किंवा एज्यु डॉट इन असा पत्ता असेल तर पडताळणी चुटकीसरशी होते. बऱ्याच मुलांना कॉलेजनं ईमेल दिलेला असतो आणि ते त्यांना शेवटच्या वर्षी कळतं!

फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट आहे. ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे साधा लॅपटॉपही पुरतो. यूआय-यूएक्सकडे (अ‍ॅप आणि वेबसाइटच्या पडद्यांचं डिझाईन) जायचं मनात असेल तर आजपासून सुरू करावं. पेनपॉट हा त्याचा मुक्त स्रोत भाऊ, तोही चांगला आहे.

थर्ड_इयर

काका, अ‍ॅफिनिटी राहिलं की! आधी एकदाच पैसे भरून मिळायचं. कॅनव्हानं २०२४ मध्ये ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केलं. फोटो, व्हेक्टर आणि पानांची मांडणी तिन्ही एकाच अ‍ॅपमध्ये. फक्त कॅनव्हाचं खातं लागतं. एआयची हत्यारं हवी असतील तर तेवढ्यालाच पैसे. विद्यार्थी असल्याचा पुरावाही मागत नाहीत, म्हणजे पास झाल्यावरही चालू.

आमच्या बॅचमधली निम्मी मुलं असाइनमेंट त्यावरच करतात. सर विचारतात फक्त पीडीएफ कुठे आहे.

कट्टेकर

फुकट म्हणून पळत सुटू नका. आज फुकट आहे, उद्या दुकान बदललं की काय? इतकी वर्षं हेच बघतोय.

थर्ड_इयर

@कट्टेकर, आणि वर्गणीवालं उद्या महाग होणार नाही याची हमी कुठे आहे? निदान हे आज लागणाऱ्या पैशांत बसतं.

छापखाना_कोल्हापूर

मी ऑफसेट आणि फ्लेक्स दोन्ही बघतो. वरचे सगळे सल्ले ठीक आहेत, पण मराठीत काम करणाऱ्यांची खरी परीक्षा कोणी लिहिलीच नाही, ती म्हणजे देवनागरी. सॉफ्टवेअर फुकट की विकत हे नंतर. आधी त्यात "श्रीकृष्ण", "निर्मिती", "दुसऱ्या", "राष्ट्र" एवढे चार शब्द टाइप करून बघा. र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे येते का, रफार जागेवर बसतो का, ऱ्या चा अर्धा र नीट येतो का. इथे नापास झालं तर पुढचं काही बघायचं कारण नाही.

इंकस्केपमध्ये (इलस्ट्रेटरसारखं, पण फुकट) युनिकोड मराठी, म्हणजे मोबाईलवर टाइप करतो तसली, छान येते, कसली सेटिंग करावी लागत नाही. क्रिता, जिंप या चित्रं-फोटोंच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही येते. अ‍ॅफिनिटीच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं तुटायची, म्हणून नवीनमध्ये आधी हे चार शब्द टाकून बघा आणि मग लग्नपत्रिका करायला घ्या. तुटली तर मजकूर इंकस्केपमध्ये टाइप करून त्याचे कर्व्ह (अक्षरांच्या नुसत्या आकृत्या) करून तिकडे न्यायचा.

अडोबीमध्ये पोरं घाबरतात की "मराठी तुटतंय". ते सेटिंगचं आहे. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड रेडी लेआउट निवडायचं, जुन्या आवृत्तीत त्यालाच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन म्हणायचे. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमधलं इंडिक ऑप्शन्स चालू करायचं. इनडिझाईनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड रेडी कंपोझर. एवढं न केल्यामुळे कितीतरी पोरं अजून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात टाइप करून आणतात, मग आमच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की सगळी कोळ्याची जाळी!

फॉन्टसाठीही पैसे लागत नाहीत. "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू घ्या, मुक्त परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरले तरी कोणी विचारत नाही. चोरीचे फॉन्ट हीसुद्धा चोरीच, ते लोक सोयीस्कर विसरतात.

रेघोट्या

@छापखाना, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडे अक्षरांकनाच्या जर्नलमध्ये तुटकी जोडाक्षरं तशीच छापून आलेली दिसतात तेव्हा गुण द्यायचे कशाचे हा प्रश्न पडतो.

एक विचारते. मुलं इंकस्केप-जिंपवर काम करून छपाईला देतात तेव्हा रंग बदलतात अशी तक्रार असते. तुमच्या बाजूनं काय दिसतं?

छापखाना_कोल्हापूर

बदलणारच. इंकस्केप आणि जिंप दोन्ही आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतात. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा शाईत येतच नाही. फ्लेक्सला फारसा फरक पडत नाही, तिथे मोठ्या मापाची जेपीजी चालून जाते. ऑफसेटला मात्र रडायची वेळ येते. सगळ्यात वाईट म्हणजे काळा मजकूर. आरजीबीतला काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) गेला की चारही शाया मिळून काळा होतो. पंचवीस पानांच्या स्मरणिकेत रजिस्ट्रेशन (शायांची एकावर एक जुळणी) केसभर हललं की प्रत्येक अक्षराला लाल-निळी सावली.

यावर फुकटातला इलाज स्क्रायबस. चित्रं, लोगो इंकस्केपमध्ये करा. पण पानाची मांडणी आणि मजकूर स्क्रायबसमध्ये, काळा रंग फक्त के (नुसती काळी शाई) १०० टक्के ठेवून. १.५.३ पासून स्क्रायबसला जोडाक्षरं समजतात, त्याआधीचं जुनं असेल तर काढून टाका. इंकस्केपमधून आणलेल्या चित्राचे रंग स्क्रायबसच्या रंगांच्या यादीत जाऊन सीएमवायकेत बदलता येतात. शेवटी पीडीएफ काढताना फॉन्टचे आउटलाइन करण्याचा पर्याय निवडा. आम्ही "कर्व्ह करून पाठव" म्हणतो ते हेच. रंगचित्र, इलस्ट्रेशन असेल तर क्रिता घ्या, त्यात सीएमवायके थेट आहे.

आणि "प्रेसवाला सीडीआरच (कोरलची फाइल) मागतो" हे बहुतेक अर्धसत्य असतं. आम्ही सीडीआर मागतो कारण गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी फोन नंबर बदलायला सांगतं. नीट कर्व्ह केलेली, ब्लीड (कापण्यापुरती जास्तीची कड) सोडलेली पीडीएफ आली तर आम्हाला आनंदच आहे. गिऱ्हाइकाकडून जुनी सीडीआर आली तर इंकस्केपमध्ये ती उघडते, पण फॉन्ट आणि इफेक्ट हलतात, म्हणून नुसती बघण्यापुरती वापरा.

कट्टेकर

दंडवत घ्या! हा प्रतिसाद मुलांनी प्रिंट काढून भिंतीवर लावावा. (के १०० टक्के ठेवून.)

सातारी_मिसळ

सगळे इतकं शहाणपण सांगताय, पण गल्लीतल्या प्रत्येक डीटीपी सेंटरमध्ये क्रॅकच आहे हे पण मान्य करा. विद्यार्थी आहे, शिकतोय, कमवत नाही. कोण पकडायला येतंय? टेलिग्रामवर तर अडोबीचं "आयुष्यभराचं खातं" नऊशे-हजारात मिळतं.

काळा_कोट

कोण पकडतंय ते बाजूला ठेवू, कायद्यात काय आहे ते सांगते. प्रताधिकार कायदा १९५७, कलम ६३ ब. संगणक प्रणालीची चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं आणि दंड ५०,००० पर्यंत ठेवू शकतं. म्हणजे "शिकतोय" हे कारण शिक्षा कमी करायला उपयोगी पडेल, गुन्हा पुसायला नाही. आणि गल्लीतलं डीटीपी सेंटर पहिल्या भागात बसतं, दुसऱ्या नाही.

टेलिग्रामवरची ती खाती बहुतेक कुठल्या तरी संस्थेच्या परवान्यातून परस्पर वाटलेली असतात. संस्थेनं यादी साफ केली की खातं बंद, पैसे गेले, आणि त्या खात्याच्या क्लाउडवर ठेवलेलं कामही गेलं. तक्रार कोणाकडे करणार?

थर्ड_इयर

+१. आणि क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्याच लॅपटॉपवर पप्पांचं नेट बँकिंग असतं.

ओळंबा

याच ओघात, ज्याकडे फार कोणी बघत नाही ते: फुकटच्या विद्यार्थी परवान्यावर बहुधा पैसे घेऊन काम करायचं नसतं. ऑटोडेस्कच्या शिक्षण परवान्यात हे स्पष्ट आहे. मुलं तिसऱ्या वर्षापासून बांधकामाच्या साइटवरच्या काकांची प्लॅन काढून द्यायला लागतात, पाच हजार मिळाले की खूश. ते काम शिक्षण परवान्यावर करणं म्हणजे नियमभंगच. इंटर्नशिपला गेलं की ऑफिसच्या मशीनवर ऑफिसच्या परवान्यावर काम करायचं, स्वतःचा लॅपटॉप उघडायचा नाही.

म्हणूनच माझं मत असं की फुकट विद्यार्थी परवाना घ्याच, पण त्याच्या जोडीला कायम आपलं राहील असं एखादं हत्यारही हाताखाली असू द्या. थ्रीडीला ब्लेंडर. २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि ते कायमचं मुक्त करून घेतलं, तेव्हा ते उद्या कोणी विकत घेऊन बंद करेल ही भीती नाही. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला लॅट्वियाचा अ‍ॅनिमेशनपट ब्लेंडरमध्येच केलेला होता, म्हणजे "फुकट म्हणून हौशी" हा मुद्दा निकालात निघाला. यांत्रिक भागांसाठी फ्रीकॅड. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि आता ते खरंच वापरण्याजोगं झालंय.

पॉपकॉर्न_घेऊन

आलं ब्लेंडर! मी म्हणालो होतो.

वरणभात_टोरांटो

परदेशी शिकायला येणाऱ्यांसाठी एक: तिकडून निघायच्या आधी अडोबीची वर्षाची वर्गणी भरून येऊ नका. वर्गणी देशाला बांधलेली असते, देश बदलायचा तर जुनी बंद करून नवी घ्यावी लागते. आणि इकडच्या बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ती विद्यापीठाकडूनच मिळते, किंवा लॅबमध्ये असते. प्रवेशपत्र आलं की विद्यापीठाच्या आयटी विभागाच्या पानावर सॉफ्टवेअरची यादी आधी बघा.

दौत

इतकं भरभरून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. मुलीला धागा वाचायला दिला. तिचे दोन प्रश्न: हे इंकस्केप-जिंप शिकायचं कुठे, आणि मुलाखतीला गेल्यावर "फोटोशॉप येत नाही" म्हणून नाकारतील का?

रेघोट्या

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. इंकस्केप, जिंप, ब्लेंडर यांचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत, फुकट, आणि त्यातल्या बऱ्याच धड्यांना मराठी आवाज दिलाय. धडे काही वेळा जुन्या आवृत्तीवरचे असतात, बटणं इकडची तिकडे झालेली दिसतील. पण पाया पक्का होतो.

नोकरीचं मात्र गोड बोलून सांगणार नाही. एजन्सीत इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाईन यायलाच लागतं, ज्युनियरच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. म्हणून शेवटच्या वर्षी, पोर्टफोलिओ बांधताना, अडोबीची विद्यार्थी वर्गणी एकदा घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर कॉलेजची लॅब आहे. लॅबमधल्या मशीनवर कॉलेजनं परवाना घेतलेला असतो, तुमच्या फीमधूनच. पण मुलं चार वाजता घरी पळतात आणि लॅब रिकामी. लॅब संध्याकाळी उघडी ठेवा असं मुलांनी मिळून लेखी मागितलं तर बहुतेक प्राचार्य नाही म्हणत नाहीत. आणि ज्याला इंकस्केपमध्ये पेन टूल नीट चालवता येतं त्याला इलस्ट्रेटरवर जायला फार वेळ लागत नाही, बेझिए वक्र दोन्हीकडे तेच.

क्लिप_कापणारा

व्हिडिओ एडिटिंगचं कोणी लिहिलं नाही. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या, वॉटरमार्क येत नाही. फक्त लिनक्सवर फुकट आवृत्तीत मोबाईलच्या एच २६४ फाइल उघडत नाहीत, त्या आधी बदलून घ्याव्या लागतात. विंडोजवर ही अडचण नाही. पण रॅम १६ जीबी नसेल तर या वाटेला जाऊ नका, पंखा विमानासारखा वाजतो.

नवी_सभासद_०७

पहिल्यांदाच लिहितेय. भाऊ आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल करतोय. ओळंबा दादांनी लिहिलेलं ऑटोकॅड त्याला मिळेल का? की ते फक्त डिग्रीवाल्यांना? आणि मी तीन महिन्यांचा खासगी ऑटोकॅड क्लास लावलाय, मला?

ओळंबा

@नवी_सभासद, भावानं अर्ज जरूर करावा. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल दोन वर्षांचा, सरकारमान्य अभ्यासक्रम आहे. यादीत संस्थेचं नाव सापडलं नाही तर "माझी संस्था दिसत नाही" असा पर्याय असतो, त्यातून संस्था नोंदवायची विनंती पाठवायची. संस्थेच्या निदेशकांनी पाठवली तर अजून बरं. कागद म्हणून चालू वर्षाचं बोनाफाईड.

तीन महिन्यांच्या खासगी क्लासवर शिक्षण परवाना मिळणार नाही. तुझ्यासाठी: क्लासच्या मशीनवर जास्तीत जास्त बस, त्याची फी भरलीच आहेस. ऑटोकॅडची थोड्या दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते, ती क्लासच्या शेवटच्या महिन्यात सुरू कर, पहिल्या दिवशी नको. एरवी घरी कमांडचा सराव करायला फुकटचं लिब्रेकॅड टाक. ते डीएक्सएफ प्रकारच्या फाइलवर चालतं, ऑटोकॅडची नेहमीची डीडब्ल्यूजी फाइल त्यात नीट उघडत नाही, म्हणून क्लासमधून फाइल आणताना डीएक्सएफमध्ये सेव्ह करून आण. लेयर, ऑफसेट, ट्रिम, डायमेन्शन सगळं त्यात आहे.

नवी_सभासद_०७

खूप धन्यवाद दादा. संस्थेत उद्याच विचारायला सांगते. निदेशकांनी विनंती पाठवायची तर त्यांनाही आधी खातं काढावं लागेल का?

ओळंबा

हो, शिक्षक म्हणून. त्यांनाही ते फुकटच आहे.